लेकरांच्या हौसेला जनावर कशाला जुंपायचं?

मागच्या आठवड्यात आमच्या फॅमिली ग्रुपवर कोणीतरी एक जुना फोटो टाकला. अमेरिकेतला, शंभरेक वर्षांपूर्वीचा असेल. चारेक वर्षांचं पोरगं, डोक्यावर टोपी, एवढीशी लाकडी गाडी, हातात लगाम आणि पुढे जुंपलेला दाढीवाला बोकड. पाच मिनिटांत खाली बदामांची रांग लागली, "किती गोड", "काय दिवस होते ते", आणि मग "आपल्या पोरांच्या नशिबात नुसता मोबाईल". मलाही फोटो गोड वाटला, खोटं कशाला बोलू. पण त्या फोटोमागची गोष्ट कोणी विचारली नाही, आणि मला ती सांगितल्याशिवाय राहवत नाहीये.

विसाव्या शतकाच्या पहिल्या तीस-चाळीस वर्षांत तिकडे फिरते फोटोग्राफर असायचे. बोकड, गाडी आणि कॅमेरा घेऊन गल्लीगल्लीतून फिरायचे, दार वाजवायचे, घरातलं पोर गाडीत बसवायचे, फोटो काढायचे, पैसे घ्यायचे, पुढच्या दाराला. कित्येक फोटोंत गाडीच्या बाजूवर त्या वर्षाचा आकडा रंगवलेला दिसतो. म्हणजे तो बोकड त्या पोराचा नव्हताच. त्याने कधी त्याला चारा टाकला नव्हता, पाणी पाजलं नव्हतं, त्याचं नावही कदाचित त्याला ठाऊक नसेल. आपण ज्याला हरवलेलं बालपण म्हणून हळहळतोय ते दोन मिनिटांचं भाड्याचं बोकड होतं, आणि त्या पोराआधी त्याच दिवशी किती पोरं त्या गाडीत बसली असतील ते त्या बोकडालाच माहीत.

आता माझं म्हणणं सरळ सांगते. जत्रेत, तलावाच्या काठावर, चौपाटीवर, हिल स्टेशनवर लहान मुलांना पैसे घेऊन फिरवणाऱ्या घोड्या-तट्टूंच्या गाड्या आणि फेऱ्या बंद व्हायला पाहिजेत. आणि त्याच वेळी आपल्या मुलांना जनावर कळलं पाहिजे, जवळून, वासासकट, हात लावून. या दोन गोष्टी एकमेकींच्या विरोधात नाहीत. उलट पहिली चालू आहे म्हणूनच दुसरी होत नाही असं मला वाटतं, कारण पन्नास रुपयांत दोन फेऱ्या मारून आणल्या की आईबापांना वाटतं झालं, पोराला प्राणी दाखवला.

मुलांना जनावराची गाडी हवी वाटते हे काही नवीन नाही. दोन हजार वर्षांपूर्वीचा रोमन कवी होरेस पोरखेळांची यादी देतो त्यात मातीची घरं बांधणं आहे, काठीचा घोडा करणं आहे आणि एवढ्याशा गाडीला उंदीर जुंपणंही आहे. उंदीर! अथेन्समधल्या एका सणात लहान मुलांसाठी छोटे मातीचे बुधले असायचे, त्यांच्यावरच्या चित्रांत पोरं छोट्या गाड्यांशी खेळताना दिसतात आणि काहींत पुढे बोकड जुंपलेला आहे. म्हणजे मुलाची ओढ खरी आहे, ती फार जुनी आहे, तिला नावं ठेवायचं काही कारण नाही. त्या ओढीचं आपण मोठी माणसं काय करतो हा प्रश्न आहे.

ज्यांच्याकडे स्वतःचा बोकड होता त्यांच्या गोष्टी वेगळ्या आहेत. अब्राहम लिंकनच्या धाकट्या मुलाकडे, टॅडकडे, व्हाइट हाऊसमध्ये दोन बकऱ्या होत्या, नॅनी आणि नॅन्को. त्याने एकदा खुर्चीला बकऱ्या जुंपून थेट ईस्ट रूममधून गाडी हाणली होती, तिथे पाहुणे होते तरी. १८६३ च्या ऑगस्टमध्ये टॅड आईबरोबर गावाला गेलेला असताना लिंकनने बायकोला पत्र लिहिलं त्यात नॅनी हरवली, टॅडला सांग, असं आहे. यादवी युद्ध चालू आहे, माणसं हजारोंनी मरतायत, आणि हा माणूस पोराची बकरी सापडत नाही म्हणून पत्रात सविस्तर कळवतोय. पुढच्या एप्रिलमध्ये परत तार, टॅडला सांग बकऱ्या आणि बाप दोघं मजेत आहेत, विशेषतः बकऱ्या. हे वाचताना मला फार बरं वाटतं. कारण इथे बकरी म्हणजे गाडीचं इंजिन नाहीये, ती घरातली आहे, ती हरवली तर कोणालातरी रडू येणार आहे.

पण त्याच व्हाइट हाऊसमधली दुसरी गोष्ट पण आहे. १८८९ ते १८९३ बेंजामिन हॅरिसन राष्ट्राध्यक्ष होते, त्यांच्या नातवंडांसाठी एक बोकड आणि गाडी आणली होती. तो बोकड एक दिवस नातवंडांना गाडीत घेऊन फाटकातून बाहेर उधळला, आणि देशाचा राष्ट्राध्यक्ष टॉप हॅट सांभाळत, काठी हलवत रस्त्यावरून त्याच्यामागे पळाला. लोक हा किस्सा हसून सांगतात. मी आई आहे, मला तो ऐकून पोटात गोळा येतो. बोकड उधळतो, तट्टू बुजतं, बैल बिथरतो, हे कुठल्याही शेतकऱ्याला विचारा. आणि आपण तीन वर्षांचं लेकरू त्याच्यामागे बांधतो, बेल्ट नाही काही नाही, आणि लगाम धरणारा माणूस पुढच्या गिऱ्हाइकाकडे बघत असतो.

इथे माझं स्वतःचं एक सांगायचंय. आमचं आजोळ यवतमाळकडचं. मी आठ-नऊ वर्षांची असेन, उन्हाळ्याच्या सुट्टीत आम्ही सगळी मावस-मामे भावंडं गावी. वाढ्याने, म्हणजे गावच्या सुताराने, उरलेल्या लाकडातून आम्हाला एक लहान बंडी, म्हणजे बैलगाडी, करून दिली होती, हुबेहूब मोठ्या बंडीसारखी, दांडी, साटी, जू, जुवाला शिवळा, म्हणजे मानेच्या बाजूच्या खुंट्या, सुद्धा. पोरांनी ओढायची म्हणून केलेली. आम्ही काय केलं, गोठ्यातला बोकड आणला आणि जुवाखाली त्याची मान घातली, दुसऱ्या बाजूला मामाचा मुलगा. दहा पावलं गेलो असू. बोकडाने मान खाली घातली, जू घसरून गळ्यावर आलं, दोरी आवळली आणि त्याने जो आवाज काढला तो मला आजही ऐकू येतो. ओरडणं नाही, घरघर. जीभ बाहेर. आबा धावत आले, विळ्याने दोरी कापली, बोकड तिथेच गुडघ्यावर बसला. आबा रागावले नाहीत. त्यांनी मला बैलाजवळ नेलं, माझा हात धरून त्याच्या मानेमागच्या उंचवट्यावर ठेवला आणि म्हणाले, "पोरी, बैलाले वशिंड असते, म्हणून त्याच्या पुढं जू टेकते. बकऱ्याले काय हाये तिथं? नुसता गळा." 

तेवढं एक वाक्य. पण जनावराचं अंग कसं असतं, ते कुठून जोर लावतं, ओझं कुठे पडतं हे मला त्या दिवशी कळलं. बैल वशिंडाच्या जोरावर जू रेटतो, घोडा छातीने आणि खांद्याने ओढतो, बोकडाला जुंपायचंच तर छातीवरून रुंद पट्टा लागतो, मानेवर जू टाकून चालत नाही. त्या जुन्या फोटोंत नीट बघा, बोकडाच्या छातीवर पट्टाच दिसेल. तिथल्या लोकांना ते माहीत होतं. आम्हाला माहीत नव्हतं आणि एका जिवाला त्याचा त्रास झाला.

आता तीस वर्षांनंतरचं. गेल्या हिवाळ्यात आम्ही मुलीला घेऊन एका तलावाच्या काठी गेलो होतो, रविवारची संध्याकाळ, भेळ, फुगे, आणि रांगेत पाच-सहा घोडागाड्या, लायटिंग लावलेल्या, एकीवर मोटू-पतलूचं चित्र. मुलगी साडेतीन वर्षांची, हट्ट धरला, मी बसवलं. दोन फेऱ्या झाल्या. ती उतरली आणि घोड्याच्या तोंडाजवळ जायच्या ऐवजी पोटाजवळ जाऊन उभी राहिली, तिच्या उंचीला तेच येतं ना, आणि म्हणाली, आई याला बाऊ झालाय. मी वाकून बघितलं. पुढच्या पायाच्या मागून जो चामडी पट्टा जातो त्याच्यावर लाल चमकीची पट्टी शिवलेली होती सजावटीला, आणि तिच्या खाली केस पूर्ण गेलेले, चार बोटं रुंद ओली गुलाबी रेघ, त्यावर जांभळं औषध आणि औषधावर माश्या. पट्टा घासू नये म्हणून जुन्या जीन्सचा तुकडा दुमडून घातला होता, तो सरकून खाली आला होता. म्हणजे मालकाने औषध लावलं होतं, कपडा घातला होता, त्याला काळजी नव्हती असं मी म्हणणार नाही. पण सुट्टी द्यायला त्याला परवडत नव्हतं. जखम भरायला त्या घोड्याला आठ-पंधरा दिवस पट्टा नको होता, आणि रविवार होता.

मी त्याला विचारलं तर म्हणाला, ताई, तुम्ही म्हणता तर उद्या बंद करतो, पण परवा काय करू ते पण सांगा.

त्याचा प्रश्न खरा आहे, त्यावर येते. आधी कायदा काय म्हणतो ते बघू, कारण बऱ्याच लोकांना वाटतं कायदाच नाहीये. आहे. ओझ्याच्या जनावरांबद्दल १९६५ चे केंद्राचे नियम आहेत. दिवसाला एकूण ९ तासांच्या वर काम नाही, सलग ५ तासांच्या वर नाही, आणि जिथे पारा ३७ अंशांच्या वर जातो तिथे दुपारी १२ ते ३ जुंपायचंच नाही. तट्टूच्या पाठीवर ७० किलो, गाढवाच्या पाठीवर ५० किलो, अशा मर्यादा दिल्या आहेत. विदर्भात एप्रिल-मे म्हणजे ३७ अंश ही थंड दुपार झाली, म्हणजे आमच्याकडे दोन-तीन महिने रोज दुपारी हा नियम लागू होतो. कोण बघतं? आणि याच नियमांत एक गोष्ट आहे जी वाचून मी थांबलेच. जनावराच्या गाडीत हाकणारा सोडून चारपेक्षा जास्त माणसं बसवायची नाहीत, पण त्यात सहा वर्षांखालची मुलं धरायची नाहीत. धरायचीच नाहीत! १९६५ साली हे समजण्यासारखं होतं, टांग्यातून घरची माणसं जायची, आईच्या मांडीवर पोर असायचं, त्याचं वेगळं तिकीट कशाला. पण आज ज्या गाडीत फक्त मुलंच बसतात तिथे हा नियम लावला तर सवारी शून्यच होते, मग त्या गाडीत पाच बसवा नाहीतर आठ. मुलांचं वजन हे वजन नाही असं आपण कागदावर लिहून ठेवलंय.

मोठ्यांच्या मौजेच्या गाड्यांबद्दल निर्णय झालेला आहे. मुंबईतल्या व्हिक्टोरिया, म्हणजे घोड्यांच्या बग्ग्या, २०१५ च्या जूनमध्ये हायकोर्टाने बेकायदा ठरवल्या, वर्षभरात बंद करा म्हणून सांगितलं, मालकांच्या पुनर्वसनाचंही सांगितलं. मुद्दा तोच होता, या बग्ग्या कोणाला कुठे पोचवत नाहीत, फक्त हौस भागवतात. २०२१ मध्ये तशाच दिसणाऱ्या बॅटरीच्या बग्ग्या दक्षिण मुंबईत आल्या. लोक बसतात त्यात, फोटो काढतात, कोणाचं काही अडलं नाही. बैलगाडा शर्यतीवर तर २०१४ पासून २०२३ पर्यंत सुप्रीम कोर्टापर्यंत भांडण झालं, राज्यभर आंदोलनं झाली. त्या वादात मी इथे पडत नाही. पण बैलाच्या बाजूने आणि विरोधात एवढं बोलणाऱ्या आपल्या समाजात जत्रेतल्या तट्टूबद्दल एक अक्षर कोणी बोललं नाही, कारण त्याच्यावर आपलंच पोर बसलेलं असतं आणि पोर हसत असतं.

लोक मला काय म्हणतात ते मला माहीत आहे. पहिलं म्हणजे, मटण खाता आणि घोड्याचा पुळका. हो, आमच्याकडे मटण खातात. म्हणून दुसरा कुठलाही त्रास चालतो असं होत नाही ना. दुसरं, शेतातला बैल पण राबतोच, त्याचं काय. राबतो, आणि त्याचे हाल होत नाहीत असं मी अजिबात म्हणत नाही. पण तिथे गरज आहे, पेरणी अडते, आणि ज्या घरात तो राबतो त्या घराचं पोट त्याच्यावर असतं म्हणून त्याचा खांदा आला, म्हणजे जुवाने सुजला, तर घरधनी झोपत नाही. हौसेच्या गाडीत हे नातं नसतं. गिऱ्हाईक दहा मिनिटांचं, त्याला खांदा दिसतच नाही.

तिसरं, आणि हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं, की हे बंद केलं तर मुलांना जनावर दिसणार कुठे. इंग्लंडात १७३३ साली एका ड्यूकच्या मुलांसाठी विल्यम केंट नावाच्या माणसाने शिंपल्याच्या आकाराची एक गाडी बनवली, बोकडाने नाहीतर छोट्या तट्टूने ओढायची. बाबागाडीचा इतिहास सांगताना लोक तिथूनच सुरू करतात. पुढे शंभरेक वर्षांनी ढकलायच्या बाबागाड्या आल्या, जनावर गेलं, त्या जागी आईबापाचे हात आले. पोराचं काही गेलं? उलट त्याला रोज फिरायला मिळालं. तिकडेच कुत्र्यांच्या गाड्यांवर १८३९ च्या कायद्याने लंडनमध्ये आणि १८५४ मध्ये सगळ्या इंग्लंडात बंदी आली, तेव्हाही गरिबांचं पोट, जुनी चाल हे सगळं बोलून झालं असणार. गाडी राहते, गंमत राहते, जुंपलेला जीव तेवढा सुटतो.

आणि आपल्याला तर इंग्लंडकडे बघायचीही गरज नाही. आमच्या नागपुरात तान्हा पोळा आहे! पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पोरं लाकडी बैल सजवून आणतात, चाकांचे, तळहाताएवढे ते पोरापेक्षा उंच. १८०६ साली दुसऱ्या रघूजीराजे भोसल्यांनी हा सण सुरू केला असं सांगतात. राजा होता, त्याच्याकडे काय कमी होतं, छोट्या रथांना छोटी खोंडं जुंपून पोरांची मिरवणूक काढता आली असती. त्याने पोरांच्या हाती लाकडाचा बैल दिला. पोर दोरी धरून बैल ओढतं, बैल पोराला ओढत नाही. मला हे इतकं आवडतं की काय सांगू. घरोघरी जाऊन पोरांना बोजारा मिळतो, चार पैसे, खाऊ, आणि खरा बैल आदल्या दिवशीची पुरणपोळी खाऊन गोठ्यात आराम करत असतो. सिंधू संस्कृतीच्या गावांत सापडलेल्या मातीच्या बैलगाड्या बघा, साडेचार हजार वर्षं झाली असतील, तिथेही खेळातला बैल मातीचाच.

खरा बैल कळण्यासाठी पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी पोरांना गावी न्या. खांदशेकणी असते. कोमट पाणी, हळद, लोणी, पळसाची पानं. बैलाचा खांदा शेकतात, चोळतात आणि त्याच्या कानात सांगतात, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या." या वर्षी मी मुलीला नेलं होतं. मामाने तिचा हात धरून बैलाच्या खांद्यावर ठेवला, जिथे जू घासून घासून कातडी टायरसारखी झालेली असते. तिने हात पटकन काढून घेतला, मग परत ठेवला, मग तिलाच लोणी लावायचं होतं. कोपरापर्यंत माखली. त्या पाच मिनिटांत तिला जे मिळालं ते लायटिंगच्या गाडीतल्या शंभर फेऱ्यांत मिळालं नसतं हे मी अगदी खात्रीने सांगते. शहरातल्या शाळा सहली काढतातच ना, वॉटरपार्कला काढतात, एक सहल खांदशेकणीला निघाली तर काय बिघडेल?

आता त्या घोडेवाल्याचा प्रश्न. परवा काय करू. नुसती बंदी घालून हात झटकले तर तो घोडा विकेल आणि तो घोडा लग्नाच्या वरातीत डीजेपुढे उभा राहील नाहीतर विटाभट्टीवर जाईल, त्याचं भलं काहीच होणार नाही. म्हणून माझ्या मते हे काम वरून मुंबईत बसून होणार नाही, जिथे जागा दिली जाते तिथे व्हायला पाहिजे. जत्रेची, तलावाकाठची जागा ग्रामपंचायत नाहीतर नगरपालिका लिलावाने देते, पावती फाडते. त्याच कागदात अट टाका की मुलांच्या फेऱ्यांसाठी जनावर चालणार नाही, आणि जे आधीपासून गाडी चालवतायत त्यांनाच पहिल्यांदा, कमी भाड्यात, पायडलच्या किंवा बॅटरीच्या छोट्या गाड्यांसाठी जागा द्या. गाडी घ्यायला बचत गटाकडून, बँकेकडून कर्ज मिळावं म्हणून पालिकेने पत्र द्यावं. दोन वर्षांची मुदत द्या, आणि त्या दोन वर्षांत सरकारी पशुवैद्यकाचा दाखला महिन्याला दाखवल्याशिवाय घोडा मैदानात येणार नाही, मुलं वजनात धरली जातील, उन्हाळ्यात दुपारी नाहीच नाही. यात कुठेही नवा कायदा लागत नाही, लिलावाच्या कागदावर चार ओळी वाढवायच्या आहेत.

मी त्याला हे बोलले होते, त्या घोडेवाल्याला, पुढच्या रविवारी मुद्दाम जाऊन. त्याने सगळं ऐकलं, मग मोबाईल काढून मला एक व्हिडिओ दाखवला, कुठल्यातरी मॉलमध्ये चालणारी बॅटरीची घोडागाडी, पुढे प्लास्टिकचा घोडा मान हलवतोय. म्हणाला, भावाशी बोललोय, याची किंमत काढली, निम्मे पैसे आहेत माझ्याकडे. घोड्याचं नाव विचारलं तर राजा म्हणाला. राजाच्या पट्ट्याखालची जखम तेव्हा सुकत आली होती, पट्टी मात्र तशीच होती वर. आमच्याकडची जत्रा जानेवारीत भरते, जागेचा लिलाव त्याच्या महिनाभर आधी होतो, अर्ज मी लिहून ठेवलाय आणि आतापर्यंत अकरा आयांच्या सह्या झाल्यात.